रेडिओवर बाई बोलते तेव्हा

भिवंडी तालुक्यातल्या गावांत, पाड्यांवर आणि शहराच्या वस्त्यांत आमचे बचत गट चालतात. त्या गटांच्या वतीने आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत. एरवी बैठकीत आपण बचत, कर्ज, हप्ता आणि पासबुक यांवर बोलतो. आजचा विषय आहे रेडिओ. मुंबईचं रेडिओ केंद्र कसं उभं राहिलं, तिथलं काम कसं चालतं आणि आपल्यासारख्या बायकांना त्यावर बोलायचं असेल तर काय करावं लागतं, एवढं आज सांगू. हातातली भाजी निवडत ऐका. रेडिओ ऐकायला काम सोडून बसावं लागत नाही, म्हणून तर तो बायकांच्या सोयीचा.

मुंबईत रेडिओची सुरुवात हौशी लोकांनी केली. १९२३ साली रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेने पहिले कार्यक्रम प्रसारित केले. मग एक खासगी कंपनी निघाली, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी तिच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं. हा दिवस आजही देशात प्रसारण दिन म्हणून पाळतात. त्या केंद्राची ताकद दीड किलोवॉट होती आणि आवाज साधारण तीस मैलांपर्यंत पोचायचा, म्हणजे आजच्या हिशेबाने ४८ किलोमीटर. आपली भिवंडी त्या टप्प्यात जेमतेम बसत होती. पण तेव्हा रेडिओचा संच घेणं कोणाला परवडत होतं?

कंपनीचं पुढे काय झालं ते गट चालवणाऱ्या बाईला लगेच कळेल. रेडिओ ठेवायचा तर वर्षाला दहा रुपये परवाना फी भरावी लागे, आणि कंपनीचा मोठा आधार त्याच पैशावर होता. परवाने थोडे निघाले. खर्च रोजचा आणि जमा तुटपुंजी. १९३० च्या मार्चमध्ये कंपनी बुडाली. एप्रिलपासून सरकारने केंद्रं आपल्या हातात घेतली आणि १९३६ साली या सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. आकाशवाणी हे नाव आपल्या ओळखीचं झालं ते नंतर. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला सगळी मिळून सहा केंद्रं आली. त्यात मुंबई होती.

मात्र मुंबईच्या रेडिओचा इतिहास सांगताना एका मुलीचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उषा मेहता. १९४२ साली गांधीजींनी ‘चले जाव’ची हाक दिली आणि पुढारी तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांवर बंधनं होती आणि सरकारी रेडिओ सरकारचंच सांगत होता. तेव्हा २२ वर्षांच्या उषाबेन आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त रेडिओ केंद्र काढलं, काँग्रेस रेडिओ. २७ ऑगस्ट १९४२ ला ते पहिल्यांदा बोललं. आवाज कुठून येतो याचा माग काढत पोलिसांच्या गाड्या फिरत, म्हणून यंत्र घेऊन जागा बदलत राहावं लागे. जमशेदपूरचा संप, चिमूर-आष्टीतले अत्याचार या दाबून ठेवलेल्या बातम्या लोकांनी त्या रेडिओवर ऐकल्या. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. केंद्र जेमतेम अडीच महिने चाललं. पुढे त्या प्राध्यापक झाल्या आणि १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. बाईने माइकसमोर बसून खरं सांगण्याची परंपरा आपल्याकडे एवढी जुनी आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई आकाशवाणी मराठी घरात शिरली ती बोलण्यातून. गाणी होतीच, पण लोकांना आठवतात ती माणसं. ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी, मीना वहिनी आणि पंत यांना कोणी पाहिलेलं नव्हतं, तरी ते शेजारी राहतात असं वाटायचं. महागाई, पाहुणे, मुलांचं शिक्षण अशा रोजच्या गोष्टींवर ते तिघं बोलत. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर हे त्यांचे आवाज. बायकांसाठी ‘वनिता मंडळ’ होतं, कामगारांसाठी ‘कामगार सभा’ होती. आमच्या भिवंडीतल्या जुन्या आज्या ‘कामगार सभा’चं नाव काढलं की अजून हसतात. मागावरून माणूस घरी आला की आधी चहा आणि मग रेडिओचा कान पिळायचा, असं त्या सांगतात.

आता काम कसं चालतं ते बघू. मुंबई आकाशवाणीचं ऑफिस चर्चगेटला, मंत्रालयाच्या जवळ. कार्यक्रम तिथे तयार होतो, पण हवेत सोडणारे उंच मनोरे मालाडजवळ मालवणीला आहेत. मराठी कार्यक्रम मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला लागायचे. मध्यम लहरी जमिनीला धरून लांब जातात, म्हणून त्या खेड्यापाड्यांत पोचतात. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, पण त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि मध्ये डोंगर आला की अडतात.

स्टुडिओ म्हणजे भिंतींना आवाज शोषणारं आवरण लावलेली बंद खोली. काचेपलीकडे एक जण आवाजाची पातळी सांभाळतो. लाल दिवा लागला की खोकलासुद्धा गिळायचा. भाषण आधी लिहून द्यायचं असतं. दहा मिनिटांचं भाषण म्हणजे साधारण हजार-अकराशे शब्द. कागद टाचलेला नसावा, कारण पान उलटल्याचा आवाज माइक पकडतो. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून बघता येत नाही, म्हणून वाक्य छोटं ठेवायचं आणि आकडा दोनदा सांगायचा.

नुसतं ऐकवून गाव बदलतं का? याचा एक मोठा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने मराठी मुलखातल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं केली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम लागायचा. गट एकत्र बसून तो ऐकायचा, नंतर चर्चा करायचा आणि गावात काय करायचं ते ठरवायचा. ऐका, चर्चा करा, करा, हा त्याचा मंत्र. प्रयोग इतका उपयोगी ठरला की १९५९ पासून तो देशभर नेला. मैत्रिणींनो, आपली महिन्याची बैठक याहून काय वेगळी आहे? मंडळ तयार आहे, बसायची जागा आहे, नोंदवही आहे. फक्त त्यात ऐकण्याची दहा मिनिटं घालायची.

पण या सगळ्या काळात एक गोष्ट तशीच राहिली. बोलणारा शहरातला आणि ऐकणारा गावातला. तो दरवाजा उघडला १९९५ साली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली सामाजिक संस्थांना स्वतःचं छोटं केंद्र चालवायची मुभा मिळाली. यालाच सामुदायिक रेडिओ म्हणतात. २००८ साली आपल्या साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी तरंग सुरू झाला. त्याच भागात बायकांनी १९९७ साली स्वतःची सहकारी बँक काढली होती. त्याच वर्षी, म्हणजे २००८ सालीच, आजच्या तेलंगणात झहीराबादजवळच्या माचनूर गावात संघम रेडिओ लागला. तो दलित शेतकरी बायका चालवतात. बियाणं, शेती, सण, दुखणीखुपणी, सगळं त्यांच्या बोलीत.

अशा केंद्राची ताकद साधारण १०० वॉट. घरात पूर्वी मोठा पिवळा बल्ब असायचा ना, तेवढी. त्यात आजूबाजूची आठ-दहा किलोमीटरची गावं येतात. निम्मे तरी कार्यक्रम त्याच भागातल्या लोकांच्या सहभागाने झाले पाहिजेत, असा नियम आहे. राजकीय प्रचार चालत नाही आणि केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. एकट्या बाईला किंवा नुसत्या बचत गटाला परवाना मिळत नाही. नोंदणी झालेली संस्था लागते. त्यामुळे आधी दुसऱ्याच्या केंद्रावर बोलायला शिकायचं, हाच आपला सोपा रस्ता.

बोलायचं कशावर? आमच्या गटांतली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे आठवड्याच्या हप्त्याची कर्जं दारोदार मिळतात. एका ताईकडे वसुलीची माणसं रात्री येऊन बसायची. तिला यावर बोलायचं होतं. घरच्यांचं म्हणणं, बाईने घरातली अडचण अशी जगाला का ऐकवायची? आम्ही सगळ्या बसलो आणि ठरवलं. नाव सांगायचं की नाही हे तिने ठरवायचं, गावाचं नाव गाळायचं, कंपनीचं नाव घ्यायचं नाही, आणि प्रसारणाआधी ध्वनिमुद्रण तिला ऐकवायचं. ती ‘गटातली एक ताई’ म्हणून सहा मिनिटं बोलली. तिच्यानंतर आम्ही नियम सांगितला. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा छोट्या कर्जांच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर कर्जदाराला फोन करता येत नाही. पुन्हा सांगतो, सकाळी ९ च्या आधी नाही, संध्याकाळी ६ नंतर नाही. शिवीगाळ, धमकी चालत नाही. व्याज आणि बाकीचे आकार लिहिलेलं कर्जाचं कार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत मिळालंच पाहिजे.

पुढच्या बैठकीला तीन पाड्यांवरच्या बायका आपापले कागद पिशवीत घालून घेऊन आल्या. कर्ज कोणाचं माफ झालं नाही. पण किती फेडलं आणि किती राहिलं हे त्या दिवशी कित्येकींना पहिल्यांदा कळलं. हाच नियम छापील पत्रकात आधीही होता. तो कानावर आला आणि आपल्यासारख्याच बाईच्या तोंडून आला, तेव्हा त्यांनी पिशवी उचलली.

तुम्हालाही सुरुवात करायची असेल तर साधा मोबाइल पुरतो. एका वेळी एकच विषय घ्या. आगरी, कुणबी, वारली, उर्दू, घरात जी बोली असेल तिच्यातच बोला. पंखा बंद करा. आमच्यासारखे शेजारी माग धडधडत असतील तर ते थांबतात ती वेळ गाठा. खोलीत आवाज घुमत असेल तर दोरीवर गोधड्या टाका, स्टुडिओतल्या भिंतीचं काम त्या करतात. फोन तोंडापासून एक वीत लांब धरा. नियम सांगायचा असेल तर तो बँकेत, पंचायतीत किंवा दवाखान्यात विचारून खात्री करून घ्या, कारण रेडिओवर गेलेला शब्द परत घेता येत नाही. आणि बोलणाऱ्या बाईची परवानगी दोनदा विचारा, एकदा बोलण्याआधी आणि एकदा ऐकवल्यावर.

येत्या बैठकीत वर्गणी झाली की दहा मिनिटं काढा. गटातल्या प्रत्येकीला विचारा, गावाला कळलंच पाहिजे असं तुझ्याकडे काय आहे? जिचं उत्तर ऐकून बाकीच्या गप्प होतील, तिच्यासमोर फोन ठेवा. आमची वेळ संपली. नमस्कार.