सरांचं नत्रचक्र आणि दादाचा सोलर पंप



माझी ओळख सॉफ्टवेअर इंजिनिअर अशी करून दिली, पण आज कॉम्प्युटरवर बोलणार नाही. सरांनी फळ्यावर काढलेलं नत्रचक्र आठवतं? मार्कांसाठी मी ते नुसतं घोकलं होतं. आता तेच साखरखेर्ड्यात आमच्या मळ्यात फिरतंय.

दादाने टाकीत रोहूची बोटुकली सोडली. शेजारी खडीच्या वाफ्यात पालक आणि पुदिना. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, खडीवरचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते झाडं घेतात आणि पाणी परत टाकीत येतं. पाणी तेच फिरतं, म्हणून आपल्या कोरडवाहू भागात हे मला पटलं. फक्त पंप चालू हवा. आणि मळ्यातली लाईन कशी असते, ते मी काय सांगू!

म्हणून सोलर. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतले पंप तुम्ही पाहिले असतील. त्यांना बॅटरी नसते. ऊन गेलं की पंप बंद. कपाशी उद्यापर्यंत थांबते. मासे थांबत नाहीत, म्हणून आम्ही बॅटरी लावली. हिशेब माझा. ४० वॅटचा पंप, रात्रीचे १४ तास, म्हणजे ५६० वॅट-तास. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १२०० मावतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून हाती ६००. रात्र निघत होती. एकच रात्र!

श्रावणात तीन दिवस झड लागली. पहाटे पुण्यात दादाचा फोन आला, “मासे वर येऊन तोंडं उघडताहेत.” पाण्यातला प्राणवायू पहाटेच सर्वांत कमी असतो. दादा-वहिनी उजाडेपर्यंत बादलीने पाणी उंचावरून ओतत राहिले. तरी निम्मे मासे गेले. सर्व्हर पडला तर आम्ही तो पुन्हा चालू करतो. इथे मला फोन धरून बसण्यापलीकडे काही करता आलं नाही.

चूक बॅटरीची नव्हती, माझी होती. पालक रात्रभर थांबू शकतो, हे मी ध्यानातच घेतलं नव्हतं. आता पाण्याचा पंप दिवसा थेट पॅनेलवर चालतो. रात्री बॅटरीवर फक्त हवेचा ८ वॅटचा छोटा पंप. एका रात्रीला ११२ वॅट-तास. ऊन पडलं नाही तरी पाच रात्री निघतात. मोठी बॅटरी घ्यावी लागली नाही, हे दादाला जास्त आवडलं.

सर, उद्या सकाळी मळ्यात याच. सगळे बाण बरोबर दिशेने जाताहेत का, तेवढं तुमच्याकडून तपासून घ्यायचंय.