टेनिस बॉलवाले आपण



धान निघाले की रिकाम्या बांधीत आपण टेनिस बॉलने खेळायचो. नागपूरजवळच्या खापरखेड्यात उमेश यादवही तसाच खेळायचा. वडील कोळसा खाणीत कामगार. त्याने पोलीस भरती दिली, जमली नाही. लेदर बॉल हाती आला तो थेट विशीत! २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी, मे २०१० मध्ये झिम्बाब्वेत भारताकडून पहिला एकदिवसीय सामना, नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत कसोटी. विदर्भाच्या संघातून कसोटीत पोहोचलेला तो पहिला.

आपल्या वर्गातला वेगवान गोलंदाज मात्र भरतीत पास झाला. समोरच बसून हसतोय. तेव्हा त्याच्या घरी पगाराची किती गरज होती, हे मला फार उशिरा कळले. भाऊ, संध्याकाळी एक ओव्हर टाकशील ना? बॉल आणलाय, टेनिसचाच.