‘फेअर’ शब्दाचे अर्थ आणि वर्गातील अध्यापन
(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेतील भाषण)



महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास २००० साली प्रारंभ झाला. तेव्हापासून फळ्याच्या डाव्या बाजूस इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूस त्याचा एक मराठी अर्थ, ही मांडणी खेडोपाडीच्या वर्गांत रूढ झाली आहे. नामांच्या बाबतीत ही रीत पुष्कळशी निभावून जाते. ‘काऊ’ म्हणजे गाय, एवढे सांगितले की मुलाच्या डोळ्यांपुढे गाय उभी राहते. विशेषणाच्या बाबतीत मात्र तीच रीत घात करते; कारण विशेषण ज्या नामाच्या शेजारी बसते, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. ‘फेअर’ हे विशेषण याचे उत्तम उदाहरण होय.

हा शब्द मुलाला अगदीच अपरिचित नसतो. त्याच्या दप्तरात एक रफ वही असते आणि एक फेअर वही असते. येथे ‘फेअर’ म्हणजे स्वच्छ, खाडाखोड नसलेले. गावातील रास्त भाव दुकानाला इंग्रजीत ‘फेअर प्राइस शॉप’ म्हणतात. तेथे ‘फेअर’ म्हणजे रास्त, वाजवी. वडील सोयाबीन किंवा तूर हमीभाव खरेदी केंद्रावर नेतात, तेव्हा ‘एफ.ए.क्यू.’ ही अक्षरे घरात ऐकू येतात. ‘फेअर ॲव्हरेज क्वालिटी’चे ते लघुरूप असून तेथे ‘फेअर’चा अर्थ बऱ्यापैकी, चालण्याजोगा असा आहे. तपासलेल्या वहीवर ‘गुड’च्या खालचा शेरा म्हणून पडणारा ‘फेअर’ याच जातीचा. वायुभारमापकाच्या जुन्या तबकडीवर ‘फेअर’ असे छापलेले असते. ते निरभ्र हवेचे चिन्ह. मैदानावरील ‘फेअर प्ले’ म्हणजे नियमाला धरून, कपट न करता खेळणे.

एकाच शब्दाला इतके अर्थ कसे आले? प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ सुंदर, डोळ्यांना रुचणारे असा होता. जे डागविरहित ते सुंदर. म्हणून स्वच्छ प्रत ‘फेअर’ झाली. ढगांचा डाग नसलेली हवाही ‘फेअर’ झाली. ज्या निवाड्याला पक्षपाताचा डाग नाही, तोही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. जत्रा या अर्थाचे ‘फेअर’ हे नाम मात्र निराळ्या कुळातले आहे. ते लॅटिनमधील सणाच्या दिवसांचा वाचक असलेल्या शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. उच्चार आणि अक्षरे सारखी असली तरी ही दोन माणसे एका घरची नव्हेत.

आता हे मुलांना शिकवावयाचे कसे? त्याची किल्ली मराठीतच आहे. ‘कडक’ या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द कोणता, असे विचारले तर एक उत्तर देता येत नाही. कडक भाकरीच्या उलट मऊ भाकरी, कडक उन्हाच्या उलट कोवळे ऊन, कडक गुरुजींच्या उलट प्रेमळ गुरुजी. हीच कसोटी ‘फेअर’ला लावावी. फेअर वहीच्या उलट रफ, फेअर निवाड्याच्या उलट अनफेअर, फेअर हवेच्या उलट फाउल. नाम बदलले की विरुद्धार्थी शब्द बदलतो, आणि त्यावरून अर्थ बदलल्याचे मुलाला आपोआप कळते. म्हणून फळ्यावर सुटा शब्द न लिहिता नामासह जोडी लिहावी आणि तिची उलट जोडी मुलांकडून काढून घ्यावी.

एका अर्थाविषयी विशेष दक्षता हवी. कातडीच्या संदर्भात ‘फेअर’ म्हणजे गोरा. पुष्कळ वर्गांत हाच अर्थ सर्वप्रथम, किंबहुना एकमेव म्हणून सांगितला जातो. एखादे उदाहरण द्यावे म्हणून गोऱ्या मुलीकडे बोट दाखविले जाते आणि विरुद्धार्थी शब्दासाठी नजर दुसऱ्या बाकाकडे वळते. त्या बाकावरची सावळी मुलगी त्या दिवशी शब्द शिकत नाही; ती मान खाली घालायला शिकते. पुढे ‘फेअर’ म्हणजे सुंदर आणि ‘फेअर’ म्हणजे न्याय्य हे अर्थ कळले, म्हणजे सौंदर्य आणि सचोटी ही गोऱ्या रंगाचीच मिरास आहे, असा विपरीत बोध तिच्या मनात घर करून बसण्याचा धोका असतो. चेहऱ्याला लावावयाच्या एका प्रसिद्ध मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० साली काढून टाकण्यात आला. बाजाराला जे उमगले, ते शाळेला उमगू नये काय? ज्या महाराष्ट्राचा विठ्ठल सावळा आहे, तेथे तरी रंगावरून मूल ओशाळू नये.

हा अर्थ लपवावा असे नव्हे. तो पाठात येईल तेव्हा सांगावा. पण इतर अर्थांच्या रांगेत, त्याच्या जागी, आणि वर्गातील कोणाकडेही बोट न दाखविता. प्रारंभ फेअर वहीपासून करावा, पुढे रास्त भाव दुकानाकडे जावे आणि तेथून न्याय्य वागणुकीपर्यंत यावे. खेळाच्या तासाला एकाच मुलाला वारंवार फलंदाजी मिळाली, तर ‘हे फेअर नाही’ असे म्हणण्याचे धैर्य मुलांना आले पाहिजे. ते ज्या दिवशी येईल, त्या दिवशी हा शब्द त्यांना आला असे खुशाल समजावे. आणि असे म्हणणारे बालक शिक्षकाच्याच वागण्याकडे बोट दाखवीत असेल, तर त्याचे बोलणे शांतपणे ऐकून घ्यावे. या शब्दाची परीक्षा तेथेच पुरी होते.