मुलगी मैदानात, आपण रेघेबाहेर

   आम्ही एका गटातल्या सहा जणी आज बोलायला आलोय. सहाही जणींच्या मुली हायस्कूलच्या कबड्डी संघात खेळतात. विषय आहे शाळेच्या स्पर्धा, तिथले पंच आणि आपण आईबाप.

शाळेच्या स्पर्धा कशा चालतात ते आधी सांगतो. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे वयोगट असतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि तिथून निवड झाली तर राष्ट्रीय. तालुक्याला बहुतेक बाद पद्धत असते. म्हणजे एक सामना हरला की त्या वर्षाचा खेळ संपला. पोरी जूनपासून चिखलात सराव करतात आणि एखाद्या दुपारी तीस-चाळीस मिनिटांत सगळं संपतं. म्हणून एकेका गुणासाठी जीव वरखाली होतो.

त्यात नुसती हौस नाही. वरच्या पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडा गुण मिळतात. राज्याच्या सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. भरतीची तयारी करणाऱ्या पोरींना हे बरोबर ठाऊक असतं. आणखी एक गोष्ट आपल्याला माहीत आहे, फक्त आपण ती बोलत नाही. मुलगा हरला तर पुढच्या वर्षी पुन्हा खेळतो. मुलगी हरली तर घरात कुणीतरी म्हणतंच, "झालं ना खेळून? आता बास." त्यामुळे पोरींच्या बाबतीत तो एक गुण फार महाग असतो.

मागच्या हंगामात आमच्या पोरी तालुक्याच्या अंतिम सामन्यात होत्या. शेवटची चढाई, आपण एका गुणानं मागे. आमची पोर कोपऱ्यातल्या मुलीला शिवायला धावली. पंचांनी शिट्टी मारली आणि ती बाद दिली. त्यांचं म्हणणं, शिवायच्या आधीच तिचा पाय बाजूच्या पट्टीत, म्हणजे लॉबीत गेला. पोर म्हणत होती, आधी हात लागला. प्रेक्षकांतली पाच-सात माणसं आत घुसली, एकानं पंचांची कॉलर धरली. सामना थांबला, पोलीस पाटलांना यावं लागलं. निकाल काही बदलला नाही.

पण परिणाम झालाच. दोन घरांनी ठरवलं की भांडणाच्या जागी पोरगी पाठवायची नाही. यंदा मुलींचा संघ उतरवावा की नाही, असा विचार शाळेत सुरू झाला. आणि संघाची कर्णधार घरी आल्यावर म्हणाली, "पंचांनी दिलं ते दिलं. पण मोठी माणसं आत आली ना, तेव्हा आम्हाला लाज वाटली. सामना आमचा होता." पंधरा वर्षांची पोर आहे ती.

मग आम्ही गटाची एक बैठक याच विषयावर घेतली. क्रीडाशिक्षकांना बोलावलं आणि नियम समजून घेतले. ते तुम्हालाही थोडक्यात सांगतो, कारण निम्मं भांडण नियम माहीत नसल्यानं होतं.

कबड्डीच्या सामन्यात दोन बाजूंना दोन पंच असतात आणि त्यांच्यावर एक सरपंच. हो, कबड्डीतही सरपंच असतो! शिवाय गुण लिहिणारे वेगळे. दोन पंचांचं एकमत झालं नाही तर सरपंच निर्णय देतो. चढाई तीस सेकंदांची. दम सुरू करूनच समोरच्या अंगणात पाऊल टाकायचं आणि तो तुटू द्यायचा नाही. बोनस गुण मिळतो तो समोर सहा किंवा सात खेळाडू असतील तेव्हाच, आणि तोही बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवताना दुसरा पाय हवेत असला तर. लॉबी ही बाजूची पट्टी झटापट सुरू झाल्यावरच मैदानात धरली जाते. कुणाला शिवण्याआधी तिथं पाय पडला तर खेळाडू बाद.

आता सांगा, हात आधी लागला की पाय आधी पडला, हे पापणी लवायच्या आत घडतं. आपण बसलेलो असतो शामियान्याखाली, चाळीस पावलांवर, आणि आपली नजर असते आपल्या लेकीच्या चेहऱ्यावर. पंच रेघेवर उभा असतो आणि त्याची नजर पायावर असते. त्याचं चुकत नाही असं नाही. पण त्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतं, एवढं तरी मानायला हवं.

ह्याच लॉबीवरून केवढा मोठा वाद झाला होता, माहीत आहे? 2023 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चीनमधल्या हांगझोऊला आशियाई खेळ झाले. पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात होता. 28–28 अशी बरोबरी, जेमतेम मिनिटभर खेळ शिल्लक. भारताचा पवन सेहरावत कुणाला न शिवता लॉबीत गेला आणि त्याला धरायला इराणचे खेळाडूही मागोमाग गेले. कोणता नियम लावायचा, जुना की नवा, यावर जवळपास तासभर सामना थांबला. निर्णय फिरला, पुन्हा फिरला, खेळाडू मैदानातच बसून राहिले. शेवटी भारत 33–29 असा जिंकला. तिथं कॅमेरे होते, मोठमोठे अधिकारी होते, तरी असं झालं. आपल्या तालुक्याच्या पंचाकडे असते एक शिट्टी आणि स्वतःचे दोन डोळे. तो बहुधा दुसऱ्या एखाद्या शाळेचा शिक्षक नाहीतर जुना खेळाडू असतो. सकाळपासून उन्हात आठ-दहा सामने उभा असतो.

त्याच स्पर्धेत आपल्या महिला संघानं चिनी तैपेईला 26–25 असं हरवून सुवर्ण जिंकलं. एका गुणानं! आपण टाळ्या वाजवल्या. समोरच्या पोरीही एका गुणानंच हरल्या होत्या, त्यांच्याही आया कुठंतरी बघत असतील.

आणि 2018 ला जकार्तात इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला 27–24 असं हरवलं, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक होत्या शैलजा जैन. आपल्या नाशिकच्या! समोरच्या संघात कोण उभं असेल सांगता येत नाही. शेजारच्या गावची पोर असते, उद्या जिल्ह्याच्या संघात आपल्याच लेकीच्या शेजारी उभी राहील.

मग काय, सगळं मुकाट्यानं सोसायचं? नाही बायांनो. आमचं म्हणणं तसं मुळीच नाही. सोडायच्या गोष्टी कोणत्या आणि लढायच्या कोणत्या, हे वेगळं करायला शिकायचं.

पाय रेघेवर पडला की नाही, बोनस झाला की नाही, हे सोडायचं. तो खेळाचाच भाग आहे. आमच्या सहा जणींतल्या दोघींना आजही वाटतं की तो निर्णय चुकला होता. वाटू दे. शिट्टी वाजली की तो गुण संपला.

पण समोरच्या संघात वय लपवून मोठी मुलगी उतरवली असेल, तर ते सोडायचं नाही. बोलवणाऱ्या शाळेचाच माणूस त्याच शाळेच्या सामन्यात पंच म्हणून उभा केला असेल, तर विचारायचं. मैदानात खडे, काचा असतील, मुलींना कपडे बदलायला आडोसा नसेल, पाणी नसेल, शौचालय नसेल, कुणाला लागलं तर मलमपट्टीची पेटीसुद्धा नसेल, तर तिथं आवाज उठवायचाच. मुलींशी कुणी वाईट बोललं, घाणेरडे शेरे मारले, तर एक क्षणही थांबायचं नाही. गंमत बघा, आमच्या तालुक्यात एका गुणासाठी कॉलर धरली गेली, पण पोरी वर्षानुवर्षं शौचालयाविना दिवस काढतात त्याबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नाही.

आवाज उठवायचा कसा? सामना चालू असताना पंचांशी बोलायचा मान कर्णधाराचा आणि प्रशिक्षकांचा. आपण आत जायचं नाही. मोठी हरकत असेल तर ती संघाबरोबर आलेल्या शिक्षकांनी लेखी द्यायची, ठरलेल्या वेळेत आणि ठरलेली फी भरून. दोन दिवसांनी पारावर बसून केलेल्या तक्रारीला अर्थ नसतो. वयाचा संशय असेल तर सामन्याआधीच कागद बघायची मागणी शिक्षकांमार्फत करायची. सोयींबद्दलचा अर्ज तालुका संयोजकांना आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला द्यायचा. गटाच्या लेटरहेडवर, दहा-बारा सह्यांनिशी. त्याची पोच घ्यायची, विसरू नका.

यंदा आम्ही असा अर्ज दिला. पाण्याचा टँकर आणि कपडे बदलायला एक वर्गखोली, एवढं मिळालं. शौचालयाचं अजून व्हायचंय, पाठपुरावा सुरू आहे. आणि शाळेला सांगितलं की प्रत्येक सामन्याला आमच्यातल्या दोघी संघाबरोबर येतील. त्यावर संघ उतरवायचं ठरलं. पोरी न पाठवणाऱ्या दोन घरांपैकी एक घर तयार झालं. दुसऱ्या घरी आम्ही अजून जातोय.

आयांच्या हातातली काही छोटी कामंही आहेत. सामन्याच्या आदल्या रात्री लेकीची नखं कापा. बांगड्या, कानातलं, पैंजण घरीच काढून ठेवा, खेळताना दागिने चालत नाहीत. अंगाला तेल चोळून पाठवू नका, नियमात तेल लावायला मनाई आहे. केस घट्ट बांधा. वेणी किंवा कपडे धरून पकडणं हा समोरच्या संघाचा दोष असतो, हे पोरीला सांगून ठेवा, म्हणजे ती स्वतः न भांडता कर्णधाराला सांगेल. आणि हरून घरी आली तर पहिला प्रश्न "किती गुणांनी?" असा नको. आधी जेवायला वाढा. बोलायचं असेल तर तीच बोलेल.

शेवटचं एक. राज्य कबड्डी असोसिएशनची पंच परीक्षा असते आणि ती बायकांनाही देता येते. आपल्या गावात कितीतरी सुना अशा आहेत ज्या माहेरी शाळेच्या संघात खेळल्या आणि लग्नानंतर मैदान सुटलं. त्यांचा खेळ अजून अंगात आहे. आमच्या गटातली एक जण यंदा त्या परीक्षेचा अभ्यास करतेय, आणि नियमांचं पुस्तक तिची मुलगीच तिच्याकडून पाठ करून घेते. पंच चुकतात असं नुसतं म्हणत बसण्यापेक्षा आपल्यातली एक शिट्टी घेऊन उभी राहिली, तर त्या जागेवर उभं राहणं किती अवघड असतं तेही कळेल, आणि मुलींच्या मैदानात एक बाई अधिकारानं उभी असेल.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत कर्जाचे हप्ते लिहून झाले की एवढं करा. आपल्या गावातल्या किती मुली शाळेच्या संघात आहेत ते मोजा. मागच्या वर्षी किती होत्या तेही विचारा. आकडा कमी झाला असेल तर का, ते त्या घरी जाऊन विचारा. आणि जुन्या खेळाडू सुनांची एक यादी करा. तुमच्या गावात काय निघालं ते आम्हाला नक्की कळवा.