संगणकाच्या दप्तराची दुसरी प्रत

एक्स्टर्नल हार्ड डिस्क विकत घ्यावयास गेलेला गृहस्थ दुकानदारास प्रथम टेराबाइट विचारतो आणि मग किंमत. परंतु ती कोठे ठेवावयाची, आठवड्यातून केव्हा जोडावयाची, आणि संगणक बंद पडल्यास तिच्यातील दप्तर कोण बाहेर काढणार, या ज्या गोष्टींवर तिची सारी उपयुक्तता अवलंबून आहे, त्यांचा विचार त्याच्या मनास बहुधा शिवत नाही.

जागेचा प्रश्न सोपा आहे. संगणकात आहे त्याच्या दुपटीइतकी जागा घेतली, म्हणजे फायलींच्या जुन्या आवृत्त्याही राहतात. आणि १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइटची दिसली तरी दुकानदारावर संशय घेण्याचे कारण नाही, कारण कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या.

खरा निर्णय तबकडी की एसएसडी, हा होय. मिनिटास ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरून वाचनशीर्ष केवळ काही नॅनोमीटरच्या अंतराने तरंगत असते. त्यामुळे चालू असताना डिस्क मेजावरून पडली, तर ते शीर्ष पृष्ठभागावर आदळून वर्षानुवर्षांचा संग्रह क्षणात खरवडला जाण्याचा संभव असतो. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने ती धक्का सोसते आणि वेगातही सरस ठरते. तथापि तिच्यातील मजकूर विद्युद्भाराच्या रूपाने राहत असल्याकारणाने, दीर्घकाळ विजेवाचून पडून राहिल्यास तो भार क्षीण होत जातो. म्हणून प्रवासात नेण्यास एसएसडी आणि कपाटात ठेवण्यास तबकडी, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.

मात्र एकच मोठी डिस्क घेण्यापेक्षा दोन बेताच्या घ्याव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत अन्यत्र, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला दंडक याच धोरणाचा आहे. सदैव जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस संगणकाबरोबरच कुलूपबंद करू शकतो, आणि मेजावरची डिस्क चोर संगणकासह उचलून नेतो. भावाच्या घरी ठेवलेली दुसरी डिस्क या दोहोंतून वाचते. तिला पासवर्ड अवश्य असावा, आणि तो घरातील आणखी एकास ठाऊक असावा.

नक्कल उतरली, तरी तिची मूळ प्रतीशी रुजवात व्हावयास हवी. तिमाहीतून एकदा डिस्क दुसऱ्याच संगणकास जोडून, स्कॅन केलेला सातबारा, आजीच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, अशा दोनचार फायली शेवटपर्यंत उघडून पाहाव्यात. एखादी न उघडली, तर मूळ प्रत शाबूत असतानाच नवी उतरवून घेता येते.