गाडी कमी चालली, तरी बेल्ट म्हातारा होतो

घरची गाडी लग्नकार्यापुरतीच निघते म्हणून इंजिन ठणठणीत असेल, असं समजू नका. अनेक गाड्यांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट रबराचा असतो. किलोमीटर कमी असले तरी वर्षं उलटली की तो तडकतो. चालता चालता तुटला, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. भर मे महिन्यात मूर्तिजापूरजवळ इंजिन असं अचानक बंद पडलं, तर घाबरू नका. स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतील, जोर लावून गाडी डाव्या कडेला घ्या. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका, नुकसान वाढतं. माणसांना रस्त्यापासून दूर सावलीत बसवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ लावा. आणि वॉरंटी असेल, तर गॅरेजमध्ये इंजिन खोलण्याआधी जॉबकार्डवर तक्रार नि किलोमीटर लिहून घ्या. ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच, तर हाच कागद कामी येतो.