भिंग बसले, पण जागेवर राहिले का?



“डॉक्टर, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये घातलेले टोरिक भिंग आत फिरते, हे खरे का?” असे मला मंडपात नेहमी विचारतात. आज त्याचेच उत्तर देतो.

हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले. तसले साधे भिंग डोळ्यात थोडे फिरले तरी बिघडत नाही. चष्म्याचा सिलिंडर नंबर घालवणारे टोरिक भिंग मात्र ठरलेल्या कोनातच हवे. चारबागला गाडी गाठणारे आपण. घड्याळाच्याच भाषेत सांगतो. मिनिटकाट्याचे एक मिनिट म्हणजे ६ अंश. भिंग तेवढे फिरले, तर सिलिंडरचा सुमारे पाचवा हिस्सा फायदा जातो. पाच मिनिटे, म्हणजे ३० अंश फिरले, तर सगळाच. त्यापुढे नजर उलट बिघडते.

भिंग फिरते ते बहुधा पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत. पुढे डोळ्यातली पातळ पिशवी आक्रसून त्याला घट्ट धरते. म्हणून डोळा चोळू नका आणि तपासणीची तारीख चुकवू नका. अंधुक दिसले तर ‘वय झाले’ म्हणून गप्प बसू नका. कारण भिंग फिरल्याचे असेल आणि वेळीच कळले, तर ते पुन्हा जागेवर आणता येते.

बाप्पाचे दर्शन सर्वांना लख्ख घडो!